क्लच प्लेट गेली की नुसती केबल?

घोडबंदर रोडवर गायमुखचा चढ चढताना इंजिन ओरडतंय, पण गाडी काही जोर धरत नाही? आधी क्लचवर संशय घ्या. खात्री करायला मोकळा, सपाट रस्ता शोधा (ठाण्यात तो पहाटेच मिळतो!). चौथ्या गिअरमध्ये ताशी ४०-५० वेगाने जाताना ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबा. आरपीएमचा (इंजिनच्या फेऱ्यांचा) काटा उडी मारतो आणि वेग मात्र रेंगाळतो? मग क्लच स्लिप होतोय, म्हणजे प्लेट घसरतेय आणि इंजिनची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाहीये. चढावर जळका वास येत असेल तर शंकाच नको. उभ्या गाडीत हँडब्रेक लावून करायची चाचणीही आहे, पण ती वारंवार करू नका, उरलीसुरली प्लेट त्यातच जाळाल.

मेकॅनिकने लगेच ‘प्लेट बदला’ म्हटलं तरी थांबा. केबलवाला क्लच असेल तर पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी हालचाल) आधी तपासून घ्या. केबल जास्त ताणलेली असली तरी क्लच स्लिप होतो, आणि तेवढं ॲडजस्टमेंटने सुटतं. गिअरबॉक्स उतरवलाच, तर प्लेटवर ऑइल आलंय का तेही बघायला सांगा. सील गळत असेल तर नवी प्लेटही टिकणार नाही. गिअर पडतानाच खरखरत असेल, तर ते दुखणं वेगळं: तिथे क्लच नीट सुटत नाहीये.