उघडीप, उसंत की उतार?

सगळीकडे ‘ब्रेक मिळाला’ लिहिलं की वाक्य मिळमिळीत होतं. मी आधी बघते, नेमकं थांबलं काय?

१. पाऊस थांबला तर उघडीप. ‘दादरला उतरले तेव्हा उघडीप होती, छत्री मिटून फूलबाजारातून निघाले.’

२. कामाची घाई असेल तर उसंत. ही बहुधा नकारातच शोभते: ‘मार्चअखेर आहे, चहा प्यायलाही उसंत नाही.’ (पावसालाही चालते: ‘सकाळपासून पावसाने उसंत घेतली नाही.’)

३. तापाला उतार, काळजीत दिलासा. दमलेल्या पायांना विसावा, म्हणजे लोकलमध्ये कुर्ल्याला खिडकी मिळाली तर!

एक जपा: पाऊस उघडीप ‘देतो’; ‘पावसाला उघडीप मिळाली’ असं लिहू नका.