मुलांच्या बागेतले हट्टी जंतू : या चुका टाळा

औषधांना दाद न देणारे जंतू झोक्यावर, घसरगुंडीवरही असतात असं कानावर आलं, की बेळगाव असो वा खानापूर-निपाणी, आईवडिलांचा निर्णय ठरलेला : उद्यापासून बाग बंद. पहिली चूक हीच. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू साधारण तीनांतल्या एका निरोगी माणसाच्या नाकात मुक्कामाला असतो. त्याचा औषधांना न जुमानणारा प्रकार म्हणजे एमआरएसए. तो कोरड्या लोखंडावर, प्लॅस्टिकवर कित्येक दिवस तग धरतो. पण धडधाकट कातडीवर नुसता बसून तो सहसा काही करत नाही. आत शिरायला त्याला खरचटलेला गुडघा किंवा खाजवून फोडलेला डासाचा चावा लागतो. म्हणून मुलांना खेळू द्या, लक्ष हातांवर आणि जखमांवर ठेवा.

जंतू हट्टी म्हणून साबणही महागडा, जंतुनाशक हवा, हा गैरसमज. हा जंतू औषधाला पुरून उरतो, साबणाला नाही. साध्या वडीने वीस सेकंद चोळून धुतलं की तोही इतरांसारखाच वाहून जातो. आपल्याकडच्या पावसाळ्यात हात तांबड्या चिखलाने माखलेले असतात, त्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही. बागेत जाताना पाण्याची बाटली आणि साबणाचा तुकडा न्या. भडंगाच्या पुडीत हात जाण्याआधी तो धुतलेला असावा, एवढंच बघा. वाळूच्या खड्ड्यात कुत्री बसत असतील तर त्या वाळूत लहानग्यांना सोडू नका. खड्ड्यावर झाकण आणि बागेत चालू नळ, या दोन मागण्या नगरसेवकाकडे जरूर करा.

खरचटलं की हळद, चुना, काही घरांत तंबाखूसुद्धा दाबतात. यातलं काहीच नको. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, स्वच्छ पट्टीने झाका आणि धनुर्वाताची लस वेळेवर झाली आहे ना, ते पाहा. केसतूड किंवा गळू घरी पिळू नका, पू आणखी आत ढकलला जातो. मेडिकलमधली ‘सगळ्यावर एक’ मलमंही नकोत. त्यांत बहुधा स्टिरॉइड मिसळलेलं असतं. लाली तेवढी दबते, आजार आत वाढत राहतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र बागेत होत नाही, घरात होते. सर्दी झाली, घसा धरला, की मागच्या वेळची उरलेली ॲझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक गोळी, किंवा थोरल्याचं सिरप धाकट्याला. सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते, तिथे अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उलट अंगातले साधे जंतू मरतात, हट्टी तेवढे उरतात, त्यांना मोकळं रान मिळतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच त्या मुलाच्या हातांवरून झोक्याच्या साखळीवर जातात. पाणी घालून केलेलं सिरप साधारण आठवडाभरच टिकतं, हेही विसरलं जातं. पाकिटावरचा मजकूर वाचता आला नाही तरी उभी लाल रेघ दिसते. २०१६ साली केंद्र सरकारने तिच्यासाठी मोहीमच काढली होती. रेघ असेल तर चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आणि डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस द्या, ताप उतरला म्हणून मनाने थांबवू नका.

आपल्या सीमाभागाची एक खास चूक आहे. निपाणीचा माणूस कोल्हापूर गाठतो, चंदगडचा बेळगावात येतो, कुणी मिरजेला जातो. दोन दिवसांत गुण आला नाही की डॉक्टर बदलतो आणि आधीची चिठ्ठी घरीच राहते. नव्या डॉक्टरांना काय दिलं होतं ते कळत नाही, मग आणखी जोरकस औषध सुरू होतं. मुलाची एक फाईल ठेवा, निदान चिठ्ठ्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा. गळू वाढतंय, भोवती लाल रेषा पसरतायत, ताप आहे, किंवा ते डोळ्याजवळ अथवा नाकाजवळ आहे, तर थांबू नका. पू झाला असेल तर कल्चर तपासणी, म्हणजे पुवातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणं, करायची का, असं डॉक्टरांना स्वतःहून विचारा. कुठलं औषध लागू पडेल हे अहवालात दोन-तीन दिवसांत कळतं. नमुना मात्र शक्यतो नवं अँटिबायोटिक सुरू होण्याआधी द्यावा, नाहीतर जंतू असूनही अहवालात न दिसण्याची शक्यता असते.