लेखनिक व्हायचंय? आधी वाचून दाखवायला शिका

दृष्टिहीन विद्यार्थ्याचा लेखनिक, म्हणजे परीक्षेत त्याने सांगितलेली उत्तरं लिहून देणारा, म्हटलं की लोक आधी अक्षराची चौकशी करतात. अक्षर लागलं म्हणजे झालं. पेपर बिघडतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: प्रश्न धड वाचून दाखवला नाही, किंवा सांगितलेलं सोडून लेखनिकाने मनाचं लिहिलं. दोन्ही सवयी सरावाने जातात, पण त्यासाठी आठवड्याला दोन तास याप्रमाणे चार-पाच महिने हाताशी हवेत. बोर्डाच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरुवात केलेली बरी. जानेवारीत उत्साहाने येणाऱ्यांचा फारसा उपयोग होत नाही.

पुण्यात कोरेगाव पार्कला मुलांची आणि कोथरूडला मुलींची अंधशाळा आहे. मुंबईत दादरला १९०० साली सुरू झालेली मुलींची अंधशाळा आहे. आधी फोन करून वार आणि वेळ ठरवा, आणि ठरलेला वार चुकवू नका. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: दहावीच्या परीक्षेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला लागतो, त्यामुळे पदवीधर माणसाला तिथे बसता येत नाही. मोठ्यांनी वाचक व्हावं, सराव परीक्षा घ्याव्यात आणि नववीतल्या लेखनिकांना तयार करावं. खरी गरजही तिथेच असते. कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षांचे नियम वेगळे असतात आणि बदलतातही, म्हणून त्या-त्या परीक्षेचं ताजं पत्रक वाचूनच होकार द्या.

पहिल्या भेटीत आपलं नाव सांगा, उठून जाताना ‘मी निघते’ म्हणा. ‘ओळख पाहू, मी कोण?’ हा खेळ अजिबात नको, मुलांना त्याचा वीट आलेला असतो. चालताना विद्यार्थ्याचा हात धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, तो कोपराच्या जरा वर धरेल आणि अर्धं पाऊल मागून चालेल. जिना आला की थांबा आणि चढायचा आहे की उतरायचा ते सांगा. खुर्चीशी आलात की त्याचा हात पाठीवर टेकवून द्या, बसायचं कसं ते त्याला येतं.

आता वाचन. मराठी, इतिहास वाचायला कुणालाही जमतं. गणित वाचायला घेतलं की भल्याभल्यांची गाडी अडते. ‘एक्स अधिक तीन भागिले दोन’ असं वाचलंत, तर ऐकणाऱ्याला दोन अर्थ लागतात. एक्स म्हणजे ५ धरा. अधिक तीन करून सगळ्याला दोनने भागलं तर उत्तर ४ येतं, नुसत्या तीनला भागलं तर साडेसहा. डोळ्यांना रेघ दिसते, कानाला दिसत नाही. म्हणून ‘अपूर्णांक सुरू. अंश: एक्स अधिक तीन. छेद: दोन. अपूर्णांक संपला’ असं वाचायचं. कंस, वर्गमूळ, घातांक, सगळ्यांना ‘सुरू’ आणि ‘संपलं’ लावायचं. ‘वर्गमूळ नऊ अधिक सोळा’ याचं उत्तर ५ की १९, हे चिन्ह कुठे संपतं त्यावरच ठरतं.

आकृती सांगताना ठरावीक क्रम ठेवा: आकार, अक्षरं कुठे आहेत, काय जोडलंय, कोणती मापं दिली आहेत. ‘त्रिकोण एबीसी. ए वर, बी खाली डावीकडे, सी खाली उजवीकडे. एबीवर डी, एसीवर ई, डीई जोडली आहे.’ डीई ही बीसीला समांतर ‘दिसते’ म्हणून तसं सांगू नका. बाणाची खूण असेल किंवा प्रश्नात लिहिलं असेल तरच सांगा. कोणतं प्रमेय लागेल हे सुचवलंत तर ती सरळ कॉपी झाली. सरावात जर्मन फिल्मवर (पेनने ओढलं की रेघ उठून येते असा प्लास्टिकचा पातळ कागद) उठावाची आकृती काढून मुलाचं बोट तिच्यावरून फिरू द्या. नुसतं तोंडी वर्णन नंतर, आधी हाताला आकार कळू दे.

लिहून घेण्यात मौन नडतं. तुमचा हात कुठवर आला ते विद्यार्थ्याला दिसत नाही. त्यामुळे तो भराभर सांगत सुटतो, नाहीतर उगाच ताटकळतो. पाच-सात शब्दांचा तुकडा लिहून झाला की ‘हं’ म्हणा. ‘ताई, मागचं वाक्य वाच ना’ असं तो म्हणाला तर लिहिलंय तेच वाचा, सुधारून नको. वाक्य अर्धवट वाटलं तरी ते त्याचं आहे.

सूचक बोलणं ही याहून बारीक चूक. चार पर्याय वाचताना बरोबर पर्यायावर आवाज जरा रेंगाळतो. उत्तर चुकलं की तोंडून ‘नक्की?’ निघतं. ‘पहिली वेलांटी की दुसरी?’ हा प्रश्न शब्द चुकल्यावरच विचारलात तर तोच इशारा ठरतो. म्हणून शुद्धलेखन कधी विचारायचं, कधी नाही, हे सरावातच ठरवून ठेवा आणि मग मोडू नका. सराव मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. आपण किती सुचवतो हे ऐकून बहुतेकांना घाम फुटतो.

पहिले तीन-चार आठवडे नुसतं वाचन: पाठ्यपुस्तक आणि वर्तमानपत्र, अर्धा-अर्धा तास. मग जुन्या प्रश्नपत्रिकेतले २० गुणांचे प्रश्न. त्यानंतर घड्याळ लावून पूर्ण पेपर. उत्तरपत्रिका तिसऱ्या माणसाने विद्यार्थ्याला वाचून दाखवायची आणि ‘हे मी म्हणालो नव्हतो’ असे शब्द मोजायचे. आकडा शून्यावर येईपर्यंत खऱ्या परीक्षेला बसू नये.

वेळेचा हिशोबही याच सरावात बसतो. तासाला २० मिनिटं जादा मिळतात. म्हणजे ८० गुणांच्या तीन तासांच्या पेपरला चार तास, गुणाला तीन मिनिटं. गणिताचा एक भाग ४० गुणांचा, दोन तासांचा. तिथे २ तास ४० मिनिटं मिळतात, गुणाला चार मिनिटं. पण टेलर फ्रेमवर (खाचांत खिळे बसवून आकडे मांडायची पाटी) आकडेमोड करण्यात त्यातली बरीच जातात, म्हणून विद्यार्थी कच्चं काम करत असताना पुढचा प्रश्न मनात वाचून ठेवा. वेळ दर अर्ध्या तासाने सांगायची की विचारल्यावरच, हे त्याच्यावर सोडा.

चार तास सलग लिहून बोटं आखडतात. जाड पकडीची तीन निळी पेनं आणि साधं मनगटी घड्याळ बरोबर ठेवा. शेवटची दहा मिनिटं नवीन काही लिहायला घेऊ नका. प्रश्नांचे क्रमांक वाचून दाखवा, सुटलेला प्रश्न सांगा, पुरवण्या क्रमाने बांधा आणि किती बांधल्या तो आकडा त्याला मोठ्याने सांगा.