हेलिकॉप्टर उतरायच्या आधी

पारोळ्याच्या मैदानावर पहाटे भरतीसाठी पळणाऱ्या पोरांनो, तुमच्यातल्या ज्यांना सैन्यात नर्सिंग असिस्टंट व्हायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. मी त्याच ट्रेडमधून रिटायर झालो. लढाईच्या भागात जखमी न्यायला आलेलं हेलिकॉप्टर जितका वेळ जमिनीवर, तितका वेळ ते शत्रूच्या नेमात. म्हणून ते येण्याआधी जखमी तयार पाहिजे.

आधी रक्त. हातापायातून भळाभळा वाहत असेल तर जखमेच्या वर टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायचा आवळपट्टा, बांधा, रक्त थांबेपर्यंत आवळा आणि बांधल्याची वेळ लिहा. जखमी ओरडेल, सैल कर म्हणेल. करू नका. मग श्वासाचा मार्ग, मग छाती. छातीत हवा कोंडली असेल तर वर गेल्यावर ती आणखी फुगते, म्हणून त्याचा इलाज खालीच. आणि भो, पांघरूण विसरू नका! आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हातही रक्त गेलेला माणूस गार पडतो, आणि अंग गार पडलं की रक्त नीट गोठत नाही. हेलिकॉप्टरच्या आत आवाज इतका की स्टेथोस्कोप निकामी. नाडी बोटानं, छाती डोळ्यानं बघायची.

वायरलेसवर मोजकंच बोला: ठिकाण, जखमी किती, गंभीर किती, आडवे किती, बसू शकणारे किती, शत्रू जवळ आहे का, खूण कशाची.

जागा सपाट हवी, वर तारा नकोत. खळ्यावर उफणताना आपण वारा बघतो तसा इथंही बघायचा, कारण पायलट वाऱ्याला तोंड देऊन उतरतो. धुराची खूण त्याला वारा दाखवते. टोप्या, प्लास्टिक, ताडपत्री उचला. फुफाट्याची जागा टाळा. धूळ उडाली की पायलटला जमीनच दिसत नाही.

किती जण न्यायचे हे पायलट ठरवतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका. हवा तापली की विरळ होते, उंचावर तर ती विरळच, आणि विरळ हवेत हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं. सियाचीनवर जाणारं चीता हेलिकॉप्टर याच हिशेबानं उडतं. १९४४ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मदेशात अमेरिकन पायलट कार्टर हार्मन यानं जपानी फळीच्या मागून जखमी काढले, तेव्हा उष्म्यामुळे त्याच्या सिकोर्स्की हेलिकॉप्टरला एका वेळी एकच माणूस झेपत होता. त्यानं फेऱ्या केल्या, पण सगळ्यांना काढलं. मला त्या माणसाबद्दल फार आदर आहे.

पंखा फिरतच असतो. पायलटचा इशारा आल्याशिवाय हलू नका. पुढून किंवा बाजूनं, त्याच्या नजरेत राहून, वाकून जा. उतार असेल तर खालच्या अंगानं. शेपटीकडे कधीच नाही, तिथला पंखा फिरताना दिसतच नाही. पांघरूण पट्ट्यानं घट्ट बांधा.

टूर्निकेटची वेळ लिहिलेली चिठ्ठी जखमीच्या अंगावरच अडकवा. हेलिकॉप्टर उठलं की तुम्हीही ती जागा सोडा. आवाजानं तुमचा ठावठिकाणा शत्रूला कळलेला असतो.