लाकूडकामाला, कॅम्पिंगला चाकू घेताय? रॅम्बो स्टाइल घेऊ नका

माझा पहिला जंगल चाकू म्हणजे सात इंची पातं, पाठीवर करवतीसारखे दात आणि पोकळ मुठीत होकायंत्र, दिसायला एकदम जबरी. गावी परसात बाभळीचं वाळकं दांडकं फोडायला घेतलं आणि तिसऱ्या ठोक्याला पातं एकीकडे, मूठ एकीकडे. आत बघतो तर पातं मुठीत जेमतेम इंचभर गेलेलं, एका नटावर अडकवलेलं. त्यामुळे दुकानात पहिला प्रश्न हाच विचारायचा की पातं मुठीत कुठपर्यंत गेलंय. शेवटापर्यंत सलग पट्टी, म्हणजे फुल टँग असेल तर उत्तमच, पण अर्ध्याच्या पुढे गेलेलं आणि घट्ट बसवलेलं असेल तरी तासकामाला भरपूर झालं. घडीचा चाकू मात्र या कामाला नको, ठोके बसले की बिजागरी ढिली होते.

लांबीचं म्हणाल तर चार इंच बास. खुंट्या, चमचे, तंबूचे खिळे तासायला, भाजी चिरायला सगळ्याला पुरतं. मोठं तोडकाम असेल तर आपला कोयता आहेच की, चाकूनं कोयत्याचं काम करायला गेलात की दोन्ही बिघडतं. जाडी अडीच ते तीन मिलिमीटर. पाच मिलिमीटरचं पातं हातात भारी वाटतं खरं, पण लाकडात शिरायच्या ऐवजी पाचर ठोकल्यासारखं लाकूड फाकवत जातं आणि टोमॅटो तर चिरत नाही, चेंगरतो.

धारेचा आकार हा खरा मुद्दा, आणि लोक नेमकं तेच बघत नाहीत. लाकडाला स्कँडी धार सगळ्यात सोपी, म्हणजे पात्याच्या खालच्या भागात दोन्ही बाजूंनी एकच सपाट उतार, सुताराच्या पटाशीला एका बाजूनं असतो तसा. तो उतार लाकडावर टेकवला की पातं आपोआप सरळ चालतं, आणि दगडावर टेकवला की कोन वेगळा शोधावा लागत नाही. स्वीडनच्या मोरा कंपनीचा कंपॅनियन नावाचा चाकू याच धारेचा, पातं साधारण 10 सेंटीमीटर, फुल टँग नाही तरी नवशिक्याला मी आधी तोच सुचवतो. फक्त स्कँडी धारेनं हाडं वगैरे फोडायला जाऊ नका, धारेचा तुकडा उडेल.

पोलाद कार्बन की स्टेनलेस? कार्बनला धार पटकन लागते, पण कोकणात किंवा पावसाळी ट्रेकला एका रात्रीत तांबेरा. रोज पुसून तेलाचा हात फिरवायचा कंटाळा असेल तर सरळ स्टेनलेस घ्या.

गावात चांगला लोहार असेल तर त्याच्याकडून ट्रकच्या कमानीच्या पाट्याचा करून घ्या, मी आता तोच वापरतो. पाणी नीट दिलंय का, म्हणजे तापवून-थंड करून पोलाद कडक केलंय का ते बघायला धारेवरून कानस हलकेच फिरवा. घसरली तर ठीक, चरचर करत खायला लागली तर पातं मऊ आहे, परत द्या. पात्याची पाठ काटकोनी ठेवायला सांगा, गोल नको, फेरो रॉडवर, म्हणजे आग पेटवायच्या धातूच्या कांडीवर, ठिणगी त्या कडेनंच पडते.

मूठ मुठीत धरून दहा मिनिटं खरंच काहीतरी तासून बघा. बोटांसाठी खोल खाचा केलेली मूठ दुकानात छान वाटते पण पकड बदलली की त्याच खाचा टोचतात. म्यान उलटं करून हलवा, चाकू पडला तर नको.

आणि कायद्याचं. शस्त्र नियमांत 9 इंचापेक्षा लांब किंवा 2 इंचापेक्षा रुंद पातं आलं की, घरगुती किंवा शेतीचं अवजार नसेल तर, लायसन्सचा प्रश्न येतो. लहान असला तरी शहरात कमरेला लटकवून हिंडू नका, जमावबंदीचे आदेश असले की पोलीस हटकणारच. सॅकमध्ये तळाशी, म्यानात, कपड्यात गुंडाळून न्या. विमानात केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनला टाका. अभयारण्यात तर पडलेली फांदीसुद्धा उचलायची नाही, सराव परसात, आंब्याच्या नाहीतर सावरीच्या मऊ फांदीवर करा.