लाँगलाइनच्या पकडीवरून ट्यूनाच्या साठ्याचा निर्देशांक कसा काढावा

लाँगलाइन म्हणजे फ्लोटना (तरंगत्या गोळ्यांना) टांगलेला, अनेक गळांचा लांब दोर. त्याच्या एकूण पकडीवरून समुद्रातला माशांचा साठा कळत नाही. बोटी वाढल्या की साठा घटत असतानाही पकड वाढते. मोजायचं ते दर हजार गळांमागे किती मासे लागले हे, आणि तेही मासेमारीच्या बदललेल्या पद्धतींचा परिणाम बाजूला काढून.

दोर सोडल्याची प्रत्येक नोंद हवी: तारीख, अक्षांश-रेखांश, एकूण गळ, दोन फ्लोटमधले गळ, बोटीची ओळख, जातवार माशांची संख्या. 5 अंश अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांच्या मासिक बेरजांवरही काम होतं, पण बोटीबोटींतला फरक त्यात बुडून जातो.

दोन फ्लोटमधले गळ फार महत्त्वाचे. 5-6 असतील तर दोर उथळ, 15-20 असतील तर खोल. 1970च्या दशकात जपानी बोटी बिगआय जातीच्या ट्यूनासाठी दोर खोल सोडू लागल्या. अशा वेळी कच्चा दर चढतो, समुद्रातला बिगआय मात्र तेवढाच असतो.

शून्य पकडीच्या नोंदी गाळू नका. लॉगॅरिदम (लॉग) घेता यावा म्हणून त्यांत मनाने ठरवलेला आकडाही मिळवू नका. तो आकडा बदलला की निकाल बदलतो. त्यापेक्षा डेल्टा-लॉगनॉर्मल मॉडेल बसवा: आधी मासा लागण्याची शक्यता, मग लागला असल्यास दर. दोन्ही भागांत वर्ष-तिमाही, चौकोन, बोट आणि दोन फ्लोटमधले गळ हे घटक घाला.

सर्वांत जास्त चुका पुढच्या टप्प्यावर होतात. बोट आणि गळ स्थिर धरून प्रत्येक चौकोनाचा दर काढा, त्याला त्या चौकोनातल्या समुद्राच्या क्षेत्रफळाने गुणा आणि बेरीज करा. नोंदींची सरळ सरासरी घेऊ नका. बोटी मासे असतील तिथेच गर्दी करतात, त्यामुळे साठा आटला तरी सरासरी टिकून राहते. रिकामे चौकोनही सोडू नका. 2008 ते 2011च्या सुमारास सोमाली समुद्री चाच्यांच्या भीतीने पश्चिम हिंदी महासागराचा मोठा भाग लाँगलाइन बोटींनी सोडला होता. ते चौकोन गाळणं म्हणजे तिथला साठा इतर भागांइतकाच वरखाली झाला असं गृहीत धरणं. शेजारच्या चौकोनांवरून आणि आधीच्या वर्षांवरून अंदाज बांधणारं अवकाश-काल मॉडेल इथे जास्त विश्वासाचं, फक्त तिथली अनिश्चितता मोठी दाखवा.

शेवटी वर्ष-तिमाहीवार मिळालेल्या बेरजांच्या मालिकेला तिच्या सरासरीने भागा. 0.6 म्हणजे सरासरीच्या 60 टक्के, एवढंच. माशांची प्रत्यक्ष संख्या हवी असेल तर हा निर्देशांक, एकूण पकड आणि माशांच्या लांबीची मोजमापं साठा-मूल्यमापनाच्या मॉडेलमध्ये एकत्र द्यावी लागतात.