भाड्याचा ट्रक आणि रिकॉल: सामान चढवण्याआधी एवढं बघा

अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबाला पहिल्या काही वर्षांत एकदा तरी बिऱ्हाड हलवावं लागतंच. लीज म्हणजे घरभाड्याचा करार संपतो, नोकरी बदलते, नाहीतर मुलांच्या शाळेसाठी न्यू जर्सीतली जर्सी सिटी सोडून एडिसन किंवा प्लेन्सबरोकडे जावं लागतं. पुण्यात आपण टेम्पोवाल्याला फोन करतो. गाडीचे ब्रेक, टायर, इंजिन ही सगळी त्याची काळजी. इथे मूव्हर्सचे दर ऐकले की बहुतेक जण स्वतःच ट्रक भाड्याने घेतात आणि मित्रांच्या मदतीने स्वतःच चालवतात. विमा घ्या, डॅमेज वेव्हर (ट्रकचं नुकसान झालं तर भरपाई माफ होण्याची सोय) घ्या, ट्रकचे चारही बाजूंनी फोटो काढा, हे तुम्हाला कुणीही सांगेल आणि ते बरोबरच आहे. रिकॉलबद्दल, म्हणजे दोष निघालेली गाडी उत्पादकाने दुरुस्तीसाठी परत बोलावण्याबद्दल, मात्र सहसा कुणी बोलत नाही.

गाडीत सुरक्षेला धोका ठरेल असा दोष सापडला की उत्पादकाला तो पाच कामकाजी दिवसांत एन.एच.टी.एस.ए.ला कळवावा लागतो. ही इथली केंद्रीय वाहनसुरक्षा संस्था. लोक तिला ‘निट्सा’ म्हणतात. त्यानंतर साठ दिवसांच्या आत गाडीच्या मालकाला पत्र जातं आणि दुरुस्ती फुकट करून मिळते. भाड्याच्या ट्रकची मालक कंपनी असते, त्यामुळे पत्र कंपनीला जातं. बिऱ्हाड हलवायच्या दिवशी ट्रक चालवणाऱ्या तुम्हाला काहीच कळत नाही. भारतातही मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद आली आणि एप्रिल 2021 पासून ती लागू झाली, पण आपल्यातले बरेच जण त्याआधीच देश सोडून आलेले, त्यामुळे हा विचार डोक्यात येतच नाही.

भाड्याच्या गाड्यांच्या रिकॉलबद्दलचा इथला कायदा दोन बहिणींच्या मृत्यूनंतर झाला. ऑक्टोबर 2004 मध्ये कॅलिफोर्नियात 24 वर्षांची रेचेल आणि 20 वर्षांची जॅकलिन हाऊक भाड्याच्या पीटी क्रूझर या क्रायस्लरच्या गाडीतून जात होत्या. पॉवर स्टिअरिंगचं द्रव गळून आग लागू शकते म्हणून त्या गाडीला रिकॉल निघालेला होता. दुरुस्ती न करताच गाडी भाड्याने दिली गेली. गाडी पेटली, समोरून येणाऱ्या मालवाहू ट्रकवर आदळली आणि दोघी गेल्या. त्यांची आई कॅली हाऊक यांनी पुढची दहा-अकरा वर्षं हा लढा सोडला नाही. डिसेंबर 2015 मध्ये मुलींच्या नावाने कायदा मंजूर झाला आणि 1 जून 2016 पासून लागू झाला. त्याआधी रिकॉल झालेली गाडी दुरुस्त न करता भाड्याने देऊ नये असं सांगणारा केंद्रीय कायदाच नव्हता. या बाईंचे आपल्यावर, गाडी भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकावर उपकार आहेत असं मी मानतो.

कायदा सांगतो तो असा: 35 किंवा जास्त भाड्याच्या गाड्या असलेल्या कंपनीने रिकॉलची नोटीस मिळाल्यापासून शक्य तितक्या लवकर, जास्तीत जास्त 24 तासांत, त्या गाड्या भाड्याने देणं थांबवायचं. एकाच नोटिशीत कंपनीच्या 5,000 हून जास्त गाड्या असतील तर 48 तास मिळतात. दुरुस्ती झाल्याशिवाय गाडी भाड्याने द्यायची नाही आणि विकायचीही नाही. पक्का उपाय तयार नसेल आणि उत्पादकाने धोका टळेल असा तात्पुरता उपाय सांगितला असेल, तर तो करून गाडी फिरवता येते. 2017 मध्ये फोर्डने ट्रान्झिट व्हॅन रिकॉल केल्या, कारण ड्राइव्हशाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) जोडाला तडा जाण्याची भीती होती. तेव्हा पक्का उपाय येईपर्यंत तो जोड ठरावीक मैलांनंतर बदलत राहायचा, अशी सोय करावी लागली.

आता खरी मेख. हा कायदा 10,000 पौंड किंवा त्याहून कमी ‘जी.व्ही.डब्ल्यू.आर.’च्या गाड्यांनाच लागू आहे. जी.व्ही.डब्ल्यू.आर. म्हणजे गाडी, माणसं आणि माल मिळून उत्पादकाने ठरवून दिलेलं कमाल वजन. पिकअप, कार्गो व्हॅन आणि दहा फुटी छोटा ट्रक सहसा या मर्यादेत बसतात. दोन बेडरूमचं घर हलवायला आपण जो पंधरा, वीस किंवा सव्वीस फुटी ट्रक घेतो, तो मर्यादेच्या वर जातो. सव्वीस फुटी ट्रकचा आकडा 26,000 पौंडांच्या जरासा खाली ठेवलेला असतो, म्हणून तो साध्या लायसन्सवर चालवता येतो. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यात फक्त होंडा सिव्हिक चालवली तो हा अवाढव्य ट्रक घेऊन टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, जाऊ शकतो, आणि त्याच ट्रकला 24 तासांचा नियम लागू नाही. मला हे अजिबात पटत नाही. मोठ्या ट्रकचे रिकॉल निघतात, दुरुस्ती फुकट होते, हलगर्जी केली तर कंपनीला कोर्टात उत्तर द्यावं लागतं, हे सगळं खरं. पण भाड्याने देणं केव्हा थांबवायचं हे मोठ्या ट्रकच्या बाबतीत बरंचसं कंपनीच्या धोरणावर राहतं.

मोठ्या कंपन्यांत हे काम व्हिनवर, म्हणजे प्रत्येक गाडीच्या स्वतंत्र ओळख क्रमांकावर, चालतं. उत्पादकाकडून आलेल्या यादीतले नंबर आपल्या ताफ्याशी जुळवायचे, जुळलेल्या गाडीवर सिस्टीममध्ये ‘होल्ड’ टाकायचा, म्हणजे ती काउंटरवरून निघत नाही. अडचण अशी की ट्रक एका जागी नसतात. न्यूअर्कहून निघालेला ट्रक वन-वे भाड्यावर (एका गावी घ्यायचा, दुसऱ्या गावी सोडायचा) नॉर्थ कॅरोलायनात पोचलेला असतो. शिवाय ट्रक मिळण्याची जागा अनेकदा पेट्रोल पंप किंवा स्टोरेजचं दुकान असते. तिथला माणूस फक्त किल्ल्या देतो. दुरुस्तीशी त्याचा संबंध नसतो, त्याला स्क्रीनवर जे दिसतं तेवढंच माहीत असतं. काही ठिकाणी तर फोनवरूनच ट्रक उघडून न्यायचा असतो, विचारायला समोर कुणीच नसतं.

म्हणून स्वतः बघा. ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक स्टिकर असतो: त्यावर गाडी कधी बनली तो महिना आणि वर्ष, जी.व्ही.डब्ल्यू.आर. पौंडांत आणि किलोत, आणि सतरा अक्षर-अंकांचा व्हिन. खोक्याचे ट्रक दोन टप्प्यांत बनतात, सांगाडा एकाचा आणि खोकं दुसऱ्याचं, त्यामुळे दोन स्टिकरही दिसू शकतात. तोच व्हिन समोरच्या काचेतून डॅशबोर्डच्या डाव्या कोपऱ्यातही वाचता येतो. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात. गोल दिसलं तर शून्य आणि उभी रेघ दिसली तर एक. फोनवर निट्साचं रिकॉलचं पान उघडा, नंबर टाका, दोन मिनिटांत कळतं. दुरुस्ती झालेले रिकॉल तिथे दिसत नाहीत, न झालेलेच दिसतात. अगदी ताज्या रिकॉलमधले सगळे नंबर मात्र तिथे चढलेले असतीलच असं नाही. काही दिवस ट्रक ठेवणार असाल तर मध्ये पुन्हा एकदा नंबर टाकून बघा.

हे सगळं गादी आत जाण्याआधी करा. एकदा फ्रिज, सोफा आणि देवघर चढवलं की ट्रक बदलून घ्यायचा धीर कुणाला राहत नाही. मागच्या उन्हाळ्यात एका नवीन जोडप्याला मदत करायला गेलो होतो, तेव्हा पार्किंगमध्येच नंबर टाकला आणि न झालेला रिकॉल निघाला. काउंटरवरच्या मुलीला फोन दाखवला. तिने वाद न घालता शेजारचा ट्रक दिला. बोलताना शांत राहा, पण स्पष्ट विचारा: ‘या ट्रकवर ओपन रिकॉल, म्हणजे दुरुस्ती न झालेला रिकॉल, आहे का?’ ‘दुरुस्ती झाली आहे’ असं उत्तर आलं तर कागद दाखवा म्हणा. दुसरा ट्रक नसेल तर जवळच्या दुसऱ्या ठिकाणाहून मिळतो का ते त्यांनाच बघायला लावा. महिनाअखेरीला आणि जून ते ऑगस्टमध्ये ट्रकची चणचण असते, म्हणून शक्य असेल तर महिन्याच्या मधला आठवडा धरा.

नंबर टाकताना टायर किती जुने आहेत तेही बघा. ‘डॉट’ या अक्षरांपासून सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष: 2319 म्हणजे 2019 चा तेविसावा आठवडा.

रस्त्यात जळका वास आला, स्टिअरिंग जड झालं, ब्रेक मऊ लागला तर एक्झिटपर्यंत ओढत नेऊ नका. कडेला घ्या, चारही दिवे लावा, मुलांना घेऊन गाडीपासून आणि रस्त्यापासून दूर उभे राहा आणि करारावरच्या रोडसाइड नंबरला फोन करा. आग दिसली तर आधी 911. सामानाचं नंतर बघता येतं. मग घरी पोचल्यावर निट्साकडे तक्रार नोंदवा: संकेतस्थळावर, किंवा 888-327-4236 या नंबरवर. त्यासाठी गाडीचे मालक असायची गरज नाही, भाडेकरूचीही तक्रार घेतात. व्हिन हाताशी ठेवा, म्हणून स्टिकरचा फोटो पुसू नका.